खेकडा हा मासा असतो का?

सलग तीन वीकेंड रिलीजच्या नावाने स्वाहा झाल्यावर चौथ्या शनिवारी आम्ही पाचजण पुण्यातून जे सुटलो ते थेट शिरूर तालुक्यात, एका मित्राच्या मळ्यावर. मळा घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या जवळ. जुलै सुरू झालेला, दोन बरे पाऊस पडून गेलेले, ओढ्यांना गढूळ पाणी. प्लॅन एकदम साधा होता. रात्री बॅटऱ्या घेऊन खेकडे पकडायचे, चुलीवर कालवण करायचं, भाकऱ्या मित्राच्या आईच्या हातच्या (म्हणजे आयत्या), आणि रविवार दुपारपर्यंत लॅपटॉपचं तोंड बघायचं नाही.

खेकडे पकडणं व्हिडिओत दिसतं तितकं सोपं नसतं हो. बिळात हात घालायची हिंमत आमच्यापैकी एकातही नव्हती. त्यामुळे काडीला कोंबडीचं आतडं बांधून बिळाच्या तोंडाशी हलवत बसायचं, आणि खेकड्याने धरलं की हळूच ओढायचं. दोन तासांत माझा स्कोअर शून्य. मित्राचे वडील, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं म्हणून आम्हीही म्हणतो, तोवर पाच पकडून निवांत तंबाखू मळत होते. शेवटी एकदाचा मलाही मिळाला. चांगला तळहाताएवढा. मी विजयी मुद्रेने बादलीपाशी गेलो तर अण्णांनी तो घेतला, उलटा केला, पोटाखालची झडप नखाने जरा उचलली आणि बॅटरी मारायला सांगितली. आत बारीक बारीक पिल्लं वळवळत होती. मोहरी सांडावी तशी.

"सोड तिला."

"अण्णा, एकच तर आहे..."

"एक कुठं? मोज की."

सोडली. काय करणार.

साडेअकराच्या सुमाराला नदीच्या वरच्या अंगाला एक आवाज झाला. फार मोठा नाही, विहिरीत भरलेलं पोतं टाकल्यासारखा. अण्णा एवढंच म्हणाले, "तोटा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विहीर खोदताना खडक फोडायला जिलेटिनचे तोटे वापरतात. तोच तोटा डोहात उडवला की दणक्याने माशांच्या पोटातला वाताशय फुटतो आणि मासे मरून वर येतात. सगळे येत नाहीत, बरेचसे तळालाच जातात. मोठे तेवढे गोळा करायचे आणि निघायचं, पंधरा मिनिटांचं काम. डोहातली बाकीची जीवसृष्टी, पिल्लं, अंडी, खेकडे, ते सगळं फुकटात मरतं.

आमच्यात लगेच मीटिंग भरली. तक्रार करायची की नाही? दोघे म्हणाले आपण पाहुणे, कशाला लफड्यात पडायचं. मी आणि अजून एक जण पेटलो होतो. अण्णा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "लावायचाय तर लावा फोन. माझं नाव नका घालू." मी फोन लावला. पलीकडून विचारलं, नेमकी जागा कुठली? आणि मी, ज्याला ऑफिसात डॉक्युमेंटेशनसाठी शाबासकी मिळते, तो पटकन बोलून गेलो, "अण्णांच्या मळ्याच्या मागे, वरच्या अंगाला."

गाडी आली, पण तोवर वरच्या बॅटऱ्या विझल्या होत्या. सकाळी काठाने बोटाएवढे मासे पडलेले होते, म्हणजे उचलायच्याही लायकीचे नसलेले. पुढच्या गुरुवारी मित्राचा मेसेज आला: नदीवरच्या मोटारीची केबल रात्रीत कुणीतरी तोडली. कुणी ते माहीत नाही. आमच्या भागात बिबटे खूप, पण बिबट्या केबल तोडत नाही.

ते वाचून पोटात खड्डा पडला. मी बरोबर केलं होतं ना? कायदा माझ्या बाजूला होता ना? मग लक्षात आलं की कायदा नक्की काय म्हणतो हेच मला ठाऊक नाही. बरं, आम्ही स्वतः जे खेकडे पकडत होतो, ते कुठल्या नियमात बसत होते? एकाच्याही खिशात परवाना नव्हता. तर मंडळी, गेले काही वीकेंड यावर वाचत बसलो होतो. त्यातून जे जे सापडलं ते इथे मांडतोय.

सुरुवात इनामगावपासूनच, कारण महाराष्ट्रातल्या खेकडे खाणाऱ्यांचा एक फार जुना पुरावा तिथलाच आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या टेकाडांवर उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मोठी नावं. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभराहून जास्त घरांचे अवशेष निघाले. जमिनीत पुरलेली हाडं, धान्य, भांडी, चुली सगळं मिळालं. हाडांची यादी एनसीईआरटीच्या सहावीच्या जुन्या इतिहासाच्या पुस्तकातही आली होती: गाय, म्हैस, शेळी, मेंढी, सांबर, चितळ, काळवीट, ससा, मुंगूस, पक्षी... आणि पुढे मगर, कासव, खेकडा, मासे. बऱ्याच हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, म्हणजे खाऊन टाकलेली असावीत. घोड नदीत मगर! आज तिथे गुडघाभर पाण्यात म्हशी बसतात.

मला त्या यादीतला खेकडा फार आवडला. तीन हजार वर्षांपूर्वी त्याच काठावर कुणीतरी कवच फोडून नांगी चोखली होती आणि आमच्यासारखंच टाकून दिलं होतं.

त्या गावात नियम होते का? नियम काही मातीत सापडत नाहीत. पण नियम करणारं कुणीतरी होतं असं मानायला जागा आहे. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक मोठं घर होतं, त्याला धान्याचं कोठार जोडलेलं. त्याच घराच्या अंगणात एक माणूस चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसलेल्या अवस्थेत पुरलेला सापडला. बाकीच्या मोठ्या माणसांना सहसा साधा खड्डा. त्याशिवाय पाण्यासाठी कालवा आणि बंधारा होता. कालवा म्हटला की पाण्याची पाळी आली, पाळी आली की भांडणं आली, आणि भांडणं मिटवणारा आला. ज्या गावात पाण्याची पाळी ठरत होती तिथे डोहातल्या माशांबद्दल काहीच ठरत नसेल हे मला पटत नाही. हा माझा अंदाज, पुरावा नव्हे.

इ.स.पू. १०००च्या सुमाराला पाऊस कमी झाला, असं ढवळीकरांचं मत होतं. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली, शिकार वाढली. शेत पिकेनासं झालं की माणूस रानाकडे आणि नदीकडे वळतो. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवली.

लिखित नियमासाठी आणखी काही शतकं थांबावं लागतं. सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेख, राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरलेला, म्हणजे इ.स.पू. तिसरं शतक. त्यात न मारायच्या प्राण्यांची लांबलचक यादी आहे. चातुर्मासांच्या पौर्णिमांना आणि इतर काही ठरावीक तिथींना मासे मारू नयेत, विकूही नयेत, असं स्पष्ट म्हटलंय. विक्रीवरची बंदी बघा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही कळलं होतं की नदीवर पहारा ठेवण्यापेक्षा बाजार बंद करणं सोपं. आणि अजून एक कलम: गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी, डुकरीण मारू नये, सहा महिन्यांखालची पिल्लंही मारू नयेत. हे वाचताना मला झडप उचलून बघणारे अण्णा आठवले.

मौजेसाठी मासेमारी हे साहेबांचं खूळ, असं मला वाटायचं. तेही चूक निघालं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या १२व्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. राजाने गळ टाकून मासे कसे पकडावेत, कुठल्या माशाला कुठलं आमिष, दोरी कशी, सगळं तपशिलात. आपला भीमाखोऱ्याचा मुलूख तेव्हा याच राजवटीत होता. म्हणजे वीकेंडला काडीला आतडं बांधून बसणारे आम्ही एका राजेशाही परंपरेचे पाईक वगैरे! असो.

पुढचा माणूस मात्र साहेबच. विल्यम हेन्री साइक्स, कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. १८२०च्या दशकात मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. पिकं, किमती, जाती, लोकसंख्या मोजता मोजता या पठ्ठ्याने पक्षी आणि मासेही मोजून टाकले. कोळ्यांना माशाचं नाव विचारायचं आणि तेच लॅटिनमध्ये बसवायचं अशी त्याची पद्धत. म्हणून आजही शास्त्रीय नावांत 'सींघाला' सापडतो, म्हणजे आपला शिंगाळा. 'कोलस', 'फुलुंजी' ही नावंसुद्धा त्याच वाटेने आली. ज्या महसीरला जगभरचे गळवाले डोक्यावर घेतात, त्यातली 'टोर खुद्री' ही जात साइक्सने १८३९ मध्ये नोंदवली ती पुण्याच्या पूर्वेला वाहणाऱ्या मुळा-मुठेतून. आज त्या जागेच्या आसपास आयटी पार्क आहेत आणि पाण्यावर फेस.

आणि खेकडा! १८३६ मध्ये साइक्सने दख्खनच्या जमिनीवरच्या खेकड्यांवर स्वतंत्र टिपण छापलं, आणि त्यातल्या एका खेकड्याला वेस्टवुड या कीटकशास्त्रज्ञाने नाव दिलं 'क्युनिक्युलॅरिस'. लॅटिनमध्ये क्युनिक्युलस म्हणजे ससा, आणि सशाचं बीळसुद्धा. थोडक्यात, बिळं करणारा. (२०१९च्या जुलैमध्ये चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटून माणसं गेली, तेव्हा त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी धरण खेकड्यांनी पोखरलं असं सांगितलं होतं, ते आठवतंय ना? कायद्याने खेकड्याला संरक्षण फारसं दिलं नाही, पण आरोपी मात्र झटक्यात केलं.)

या गोड्या पाण्यातल्या खेकड्याची एक गोष्ट समजून घ्यायला हवी. समुद्रातली खेकडीण लाखांनी अंडी देते. त्यातून डिंभ निघतात आणि प्रवाहाबरोबर दूरवर जातात. एका खाडीतले खेकडे संपले तरी दुसरीकडून येऊ शकतात. आपल्या नदी-ओढ्यातल्या खेकड्याचं तसं नाही. अंडी थोडी, मोठी. अंड्यातून थेट पूर्ण आकाराचा चिमुकला खेकडाच बाहेर येतो, आणि काही दिवस आईच्या झडपेखालीच राहतो. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या सुरुवातीला हे चालतं, म्हणजे नेमकं आपण बॅटऱ्या घेऊन बाहेर पडतो तेव्हा. एक मादी उचलली की ओढ्याच्या त्या तुकड्यातली एक पिढी गेली, आणि समुद्रासारखी भरपाई कुठून येत नाही. २००९ मध्ये जगभरच्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचा आढावा घेतला गेला, त्यात साधारण सहातली एक जात धोक्यात दिसली. अण्णांनी हा पेपर वाचलेला नाही.

आता कायदा. १८७३ मध्ये दोन पुस्तकं आली. एक हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासकडच्या सनदी अधिकाऱ्याचं 'द रॉड इन इंडिया', गळाने मासे पकडण्याचं बायबल. दुसरा फ्रान्सिस डे याचा सरकारी अहवाल. डे लष्करातला डॉक्टर, नंतर हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचा इन्स्पेक्टर जनरल. त्याने देशभरच्या कलेक्टर-तहसीलदारांना प्रश्न पाठवले: तुमच्याकडे जाळ्याचे डोळे किती बारीक? पिल्लं मारतात का? विष घालतात का? उत्तरं एकत्र करून त्याने सांगितलं की नद्या ओरबाडल्या जातायत. त्याचा एक मुद्दा मला विचारात पाडून गेला. पूर्वीच्या राजवटींत नदीतल्या माशांचे हक्क कुणाला तरी नेमून दिलेले असत. इंग्रजांनी अनेक ठिकाणी ती घडी मोडली, आणि मग कुणीही यावं, कसंही मारावं असं झालं. म्हणजे आधी मोडलं सरकारनेच, आणि नंतर कायदा हवा म्हणून ओरडलाही सरकारचाच माणूस.

डेचं हे तिकीट चोवीस वर्षं ओपन राहिलं. १८९७ मध्ये 'इंडियन फिशरीज अ‍ॅक्ट' आला. अवघी सात कलमं! आमची रजेची पॉलिसी यापेक्षा मोठी आहे. तिसऱ्या कलमातल्या व्याख्येत म्हटलंय की 'मासा' या शब्दात कवचधारी जलचरही धरायचे. तेव्हा शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर: हो, खेकडा हा कायद्याने मासा असतो. चौथं कलम: मासे मारायच्या हेतूने पाण्यात सुरुंग किंवा स्फोटक वापरलं तर दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. पाचवं: विष, चुना किंवा घातक पदार्थ घातला तर तेच. सहावं: जाळ्याचे डोळे, बंधारे, 'फिक्स्ड इंजिन' यांवर सरकारने नियम करावेत, आणि ठरावीक पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवता येईल. (फिक्स्ड इंजिन म्हणजे मला वाटलं डिझेल मोटार. जमिनीत रोवलेलं जाळं किंवा पिंजरा, असा अर्थ आहे.) सातवं: यातले गुन्हे करताना दिसलेल्या माणसाला, नाव-पत्ता नीट कळत नसेल तर, पोलिसाला वॉरंटशिवाय पकडता येईल.

१८९७ चे दोनशे रुपये म्हणजे चेष्टा नव्हती. पण कायदा लिहिणारे कोण होते ते बघा. कलेक्टर, डॉक्टर, गळ टाकायचा शौक असलेले अधिकारी. गळ हे त्यांचं साधन, त्यामुळे ते सभ्य. डोंगरातल्या माणसाचं साधन काय? रामेठ्याचा पाला नाहीतर गेळफळं ठेचून डबक्यात टाकायची, मासे गुंगून वर आले की वेचायचे. उन्हाळ्यात आटत चाललेल्या डबक्यात, वर्षातून एखाद्या वेळी, अख्ख्या वाडीने मिळून. तेही विष, आणि ब्लिचिंग पावडरचं पोतं तेही विष. कायद्याला फरक दिसत नाही. जिलेटिनची बाजू घ्यायची नाहीये मला, तोटा तो तोटाच. पण 'चोर' ही पाटी कुणाच्या गळ्यात पडते हे नियम लिहिणाऱ्यावर बरंच अवलंबून असतं.

हे मला नीट उमगलं ते परदेशातल्या एका उदाहरणावरून. २०२३ मध्ये तीन महिने ऑनसाइट सिअ‍ॅटलला होतो. तिथला एक सहकारी एका शनिवारी खेकडे पकडायला घेऊन गेला. आधी परवाना काढला. मग एक कार्ड मिळालं, प्रत्येक खेकडा पकडल्या पकडल्या त्यावर लिहायचा. त्या खाडीत एका माणसाला दिवसाला पाच डंजनेस खेकडे, फक्त नर, कवच कडक झालेले, आणि रुंदी किमान सव्वासहा इंच. मोजायला प्लास्टिकची पट्टी. पिंजऱ्याला एक सुती दोरी लावणं सक्तीचं, म्हणजे पिंजरा पाण्यात हरवला तर दोरी कुजून तो उघडतो आणि आतले खेकडे सुटतात. हा नियम ज्याने शोधला त्याला माझा नमस्कार. चोरटी मासेमारी दिसली तर कळवायला नंबर, आणि लोक खरंच कळवतात. मी भारावून गेलो होतो. आपल्याकडे हे का नाही, छाप भाषणंही केली असतील.

तेव्हा न कळलेली बाजू आता वाचली. त्याच किनाऱ्यावरच्या मूलनिवासी जमातींनी १८५४च्या तहात जमीन दिली, पण आपल्या नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क राखून ठेवला. पुढे राज्याने परवाने, हंगाम, जाळ्यांवर बंदी असे नियम केले आणि त्याच नदीकाठच्या माणसांना चोर म्हणून पकडायला सुरुवात केली. निस्क्वाली जमातीचा बिली फ्रँक १९४५ मध्ये पहिल्यांदा पकडला गेला तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्यानंतर किती वेळा पकडला गेला त्याची गणती नाही. १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की पकडता येण्याजोग्या माशांतला निम्म्यापर्यंत वाटा जमातींचा. १९९४च्या निकालाने तेच तत्त्व खेकडे-शिंपल्यांना लागू झालं. आज जमाती आणि राज्य मिळून हंगाम ठरवतात. म्हणजे मी ज्या पट्टी-कार्डाने भारावलो होतो, त्यामागे पन्नासेक वर्षांची अटकसत्रं आणि कोर्टकचेऱ्या होत्या.

परत घोड-भीमेकडे. महाराष्ट्राने १९६० मध्ये स्वतःचा मत्स्यव्यवसाय कायदा केला. घोडवर चिंचणीचं धरण झालं, भीमेवर १९८० मध्ये उजनी पूर्ण झालं आणि त्याचं पाणी दौंड-इंदापूरपर्यंत पसरलं. जलाशयांचे मासेमारीचे हक्क ठेक्याने दिले जातात, प्रामुख्याने मच्छीमार सहकारी संस्थांना. संस्था मत्स्यबीज सोडते, सभासद पकडतात. उजनीत जमीन गेलेले काही शेतकरीही मासेमारीकडे वळले. (शेत गेलं की माणूस नदीकडे वळतो, म्हटलं होतं ना?) आणि मग बारीक डोळ्यांच्या जाळ्यांनी बोटाएवढी पिल्लं ओढणारे आले. त्या प्रकाराला तिथे 'वडाप' म्हणतात. त्याविरुद्ध सगळ्यात जास्त आरडाओरडा करतात ते मच्छीमारच, कारण पुढच्या वर्षीचा कटला-रोहू त्यांचाच बुडतो.

याचा आपल्यासारख्यांसाठी अर्थ असा की धरणाच्या पाण्यात संस्थेला न विचारता गळ टाकून बसलेला वीकेंडवाला हाही चोरच ठरू शकतो. समुद्रावर निदान १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ओढ्यातल्या खेकड्याच्या वाट्याला हंगाम आला तो अण्णांच्या नखाएवढा.

पोलिसाशिवाय पाळले जाणारे नियमही आपल्याकडे आहेत बरं का. महाडजवळ वाळणकोंडच्या डोहात महसीर आहेत, देवीचे म्हणून कुणी हात लावत नाही. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे तसेच. मात्र देव वरून येणारं सांडपाणी अडवू शकत नाही, हेही खरं.

ज्यांना तोटा ऐकू येईल त्यांच्यासाठी, माझ्या चुकीतून शिकलेलं: जवळ जाऊ नका, बॅटरी मारू नका, व्हिडिओच्या नादाला लागू नका. वेळ आणि जागा लिहून ठेवा. तातडीचं असेल तर ११२. स्फोटकांचा मामला हा नुसता माशांचा राहत नाही, तो पोलिसांचाच विषय आहे. नंतर जिल्ह्याच्या सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्याकडे लेखी द्या. कासव किंवा इतर वन्यप्राणी मारलेले दिसले तर वन विभागाचा १९२६. आणि जागा सांगताना पूल, बंधारा, किलोमीटरचा दगड, काहीही सांगा. कुणाच्या मळ्याचं नाव घेऊ नका.

गणपतीनंतर आम्ही पुन्हा गेलो होतो. पाचजणांनी मिळून केबलचे पैसे काढले होते. अण्णा घेत नव्हते, मग केबलचे घेतले, वायरमनचे घेतले नाहीत. मी माफी मागितली तर म्हणाले, "तू पुण्याला गेलास, मला हितंच राहायचंय, एवढंच ध्यानात ठेव." कुणी तोडली ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. त्या घरी ते स्वतः जाऊन चहा पिऊन आले होते. पोराच्या आजोबांबरोबर अण्णा लहानपणी त्याच डोहात पोहायचे. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही. मित्राच्या आईने मध्येच सांगितलं की त्या पोराच्या बापाची दीड एकर आहे आणि बोअर यंदाही कोरडीच गेली.

"मग आता तोटा वाजत नाही?" मी विचारलं.

"गेला महिनाभर तर न्हाई," अण्णा म्हणाले. "पाणी उतरलं की कळंल."

रात्री पुन्हा बॅटऱ्या घेऊन उतरलो. मला दोन मिळाले. दोन्ही मी स्वतःच उलटे करून बघितले.